थरथरत्या रेषेची बाजू

आठ वर्षांचा एक मुलगा फुटबॉलचा सराव संपवून प्रशिक्षकाच्या गाडीतून घरी निघाला आहे. गाडी चालते आहे हे आपण समजून घ्यायचे, कारण पडद्यावर फारसे काही हलत नाही. दोन चेहरे समोर आहेत, मागे सपाट रंगाची एक खिडकी आहे, आणि चेहऱ्यांच्या बाह्यरेषा मात्र अखंड थरथरत आहेत. मुलगा घरातल्या एखाद्या अडचणीबद्दल सल्ला मागतो; प्रशिक्षक उत्तर देता देता स्वतःच्या एकटेपणाच्या गाऱ्हाण्याकडे घसरतो; मग मुलालाच त्याची समजूत काढावी लागते. दोघे एकाच वेळी बोलू लागतात, एकाच वेळी थांबतात, ‘बोल, तू बोल’ असे होते, आणि त्या अडखळण्यात प्रेक्षकाला हसू फुटते. विनोद म्हणावा असे वाक्य कोणीही उच्चारलेले नसते. तरीही मोठा माणूस लहान मुलापेक्षा किती हरवलेला असू शकतो हे त्या मिनिटभरात आपल्याला कळलेले असते.

असे प्रसंग ज्या कार्टून मालिकेत पुन्हा पुन्हा येतात ती म्हणजे अमेरिकेतली ‘होम मूव्हीज’. ब्रेंडन स्मॉल आणि लॉरेन बुशार्ड या दोघांनी ती निर्माण केली, एप्रिल १९९९ मध्ये ती सुरू झाली आणि एप्रिल २००४ मध्ये, चार पर्वे आणि ५२ भाग पूर्ण करून थांबली. तिच्या काळातल्या गाजलेल्या कार्टून मालिकांच्या शेजारी तिचे चित्र दरिद्री वाटते. पण त्या दारिद्र्यातच तिचे सामर्थ्य कसे दडलेले आहे, हे मला येथे मांडायचे आहे. कारण हा केवळ एका जुन्या परदेशी मालिकेच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. ॲनिमेशनवर सार्वजनिक पैसा खर्च करण्याची भाषा आज आपल्याकडे सर्वत्र ऐकू येते, आणि तो पैसा नेमका कशावर खर्च व्हावा याची चर्चा मात्र चित्राच्या झळाळीपलीकडे जात नाही. माझे म्हणणे असे आहे की विनोदी मालिकेत प्रेक्षकाला धरून ठेवतो तो आवाज, बोलण्याचा ताल आणि पात्रांचे आपसातले नाते. चित्रावरचा खर्च कमी ठेवला, तर या गोष्टींना लागणारी मोकळीक आणि वेळ मिळवणे सोपे जाते.

त्या थरथरत्या रेषेची हकीकत मुळातून पाहण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन येथे टॉम स्नायडर यांची एक कंपनी होती. स्नायडर हे एके काळचे शाळाशिक्षक आणि त्यांची कंपनी शाळांसाठी शैक्षणिक सॉफ्टवेअर तयार करणारी. संगणकावर कमी कष्टात चित्र जिवंत ठेवण्याची एक युक्ती त्यांनी शोधली आणि तिला ‘स्क्विगलव्हिजन’ असे नाव दिले. युक्ती साधी होती. एकाच मुद्रेची साधारण पाच चित्रे काढायची, प्रत्येकात रेषा किंचित इकडेतिकडे झालेली असेल एवढेच पाहायचे, आणि ती पाच चित्रे एकामागून एक फिरवत ठेवायची. पात्र जागचे हलत नाही, पण रेषा नाचत राहते आणि डोळ्याला हालचालीचा भास होतो. हात उचलणे, मान वळवणे, चालत जाणे या प्रत्येक क्रियेसाठी जी शेकडो चित्रे काढावी लागतात, ती त्यामुळे वाचली.

या युक्तीवर उभी राहिलेली पहिली मालिका १९९५ मध्ये आली. मानसोपचारतज्ज्ञ कॅट्झ यांच्या कोचावर खरेखुरे स्टँड-अप विनोदवीर येऊन आपली दुखणी सांगतात, एवढाच तिचा घाट होता. कोचावर पडलेल्या माणसाने फारसे हलायचे नसतेच, त्यामुळे तंत्राची मर्यादा आणि कथेची मांडणी एकमेकांना बेमालूम जुळली. मुख्य भूमिकेला आवाज देणाऱ्या जोनाथन कॅट्झ यांना त्यासाठी टीव्हीक्षेत्रातला एमी पुरस्कारही मिळाला. या मालिकेच्या निर्मितीत शिरलेला लॉरेन बुशार्ड हा स्नायडर यांचा जुना विद्यार्थी होता. शाळा अर्धवट सोडून तो एका बारमध्ये काम करत होता, तिथून योगायोगाच्या भेटीनंतर त्याच्या गुरुजींनी त्याला या कामात ओढले. ब्रेंडन स्मॉल बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेला, गिटार वाजवणारा आणि रात्री विनोदी कार्यक्रम करणारा तरुण होता. महागड्या यंत्रणेच्या दारात या दोघांना कोणी उभे केले असते असे मला वाटत नाही. कमी खर्चाच्या कामात धोका कमी असतो, म्हणूनच अननुभवी माणसाच्या हाती ते सोपवता येते, आणि नवा आवाज बहुधा अशाच फटीतून आत येतो.

आता ध्वनिमुद्रणाची पद्धत पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. नेहमीच्या कार्टूनमध्ये संहिता अक्षरन् अक्षर लिहून तयार असते आणि कलाकार अनेकदा वेगवेगळ्या दिवशी, एकेकटे येऊन आपापली वाक्ये वाचून जातात. ‘होम मूव्हीज’च्या पहिल्या पर्वात कलाकारांच्या हाती पडत होता तो प्रसंगाचा आराखडा: कोण कोणाला भेटते, कशावरून वाद होतो, प्रसंग कुठे संपायचा. मधले बोलणे त्यांनी एकमेकांच्या समोर राहून जागच्या जागी घडवायचे. या पद्धतीला ‘रेट्रोस्क्रिप्टिंग’ म्हणतात. पुढच्या पर्वांत लिखित संवादांचे प्रमाण वाढले, तरी सुचेल ते बोलण्याची मुभा शिल्लक राहिली. तासन् तास झालेल्या बोलण्यातून संकलकाने जिवंत तुकडे निवडायचे, त्यांची सांधणी करायची, आणि मग त्या आवाजावर चित्र बसवायचे. एच. जॉन बेंजामिन या कलाकाराने प्रशिक्षक मॅकगर्क आणि सतत नाक वाहणारा छोटा जेसन या दोघांनाही आवाज दिला. एकाच गळ्यातून निघालेले हे दोन आवाज इतके वेगळे आहेत की ते एकाच माणसाचे आहेत यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

या पद्धतीमुळे बोलण्यात काय उतरते, ते ओळखायला आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्या घरात दोन माणसे बोलतात तेव्हा कोणीही वाक्य पुरे करत नाही. ‘म्हणजे मी काय म्हणतो’, ‘नाही, पण ऐक ना’, ‘असू दे, जाऊ दे’ अशा आधाराच्या काठ्या टेकत टेकत बोलणे पुढे सरकते, मध्येच कोणी भलतीकडे जाते, आणि मूळ मुद्दा चहा गार झाल्यावर सापडतो. लिहिलेल्या संवादात हे सारे लेखकाच्या नीटनेटकेपणाखाली पुसले जाते. येथे ते राखले गेले आहे. पात्र बोलता बोलता स्वतःच्याच शब्दाला हसते, दुसरे त्याला चिडवते, तिसरे अजून आधीच्याच वाक्यात अडकलेले असते. कार्टूनमध्ये श्वास ऐकू येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि या मालिकेत तो ऐकू येतो.

मालिकेचा विषयही तिच्या परिस्थितीशी मेळ खाणारा आहे. ब्रेंडन नावाचा मुलगा आणि त्याचे मित्र मेलिसा व जेसन शाळा सुटली की घराच्या तळघरात जमतात आणि एका साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रपट बनवतात. घरातल्या वस्तू नेपथ्य होतात, मुलेच सगळ्या भूमिका करतात, लेखन आणि दिग्दर्शन ब्रेंडन करतो आणि त्याचा हट्ट एखाद्या मुरलेल्या दिग्दर्शकाला शोभेल असा असतो. एका भागात शहरातला एक तरुण गिटारवादक फ्रांझ काफ्का या लेखकाच्या जीवनावरचा रॉक ऑपेरा, म्हणजे रॉक संगीतातली संगीतिका, घेऊन त्यांच्याकडे येतो. आठ वर्षांची मुले, तळघर, काफ्का आणि कर्कश गिटार ही जुळणी कागदावर अशक्य वाटते, पण मालिका तिच्याकडे विचित्र म्हणून बोट दाखवत नाही. मुलांच्या दृष्टीने ते त्या आठवड्याचे काम असते आणि ते मन लावून करायचे असते. एका भागासाठी वापरून टाकून द्यायची ती गाणी स्मॉलने चांगल्या संगीतकाराच्या निष्ठेने रचली आहेत.

या विक्षिप्तपणाच्या खाली खरे दुःख आहे. ब्रेंडनच्या आईवडिलांचा घटस्फोट झालेला आहे, आई एका तान्ह्या मुलीसह घर चालवते आहे, मेलिसाला तिचे वडील एकटेच वाढवत आहेत, आणि मॅकगर्क नावाच्या त्या प्रशिक्षकाला फुटबॉलमध्ये रस नाही, मुलांमध्येही आरंभी नाही, पण जायला दुसरी जागा नाही. ब्रेंडनचे वडील पुढे कथेत येतात तेव्हा मुलाच्या बोलण्यातला बडबडेपणा एकाएकी वाढतो. घाबरलेले मूल शब्दांच्या आड कसे लपते, हे त्या आवाजातून ऐकू येते. एवढे सूक्ष्म काम चित्राने केले नाही. ते आवाजाने केले आणि चित्राने त्याला अडवले नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. अशा मालिकांचे चाहते अनेकदा म्हणतात की तो ओबडधोबडपणाच मुळी मोहक आहे. मला हे पटत नाही. ‘होम मूव्हीज’च्या दुसऱ्या पर्वापासून थरथरती रेषा काढून टाकण्यात आली आणि फ्लॅश या सॉफ्टवेअरवर स्थिर, स्वच्छ रेषेत काम होऊ लागले. रेषेचे थरथरणे हाच जर आकर्षणाचा गाभा असता, तर मालिका तिथेच कोसळली असती. प्रत्यक्षात तिचे उत्तम भाग त्यानंतरच्या पर्वांत आहेत, असे माझे मत आहे. म्हणून मुद्दाम वेडीवाकडी चित्रे काढून कोणी ‘हटके’ मालिका बनवू लागेल, तर त्याच्या हाती सोंग उरेल. चित्राचा साधेपणा हा परिणाम आहे. कारण त्याच्या आधी आहे. आधी बोलणे, मग संकलन, मग चित्र, हा कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि चित्र स्वस्त असल्याशिवाय तो क्रम परवडत नाही. एकदा बारीक तपशिलाने रंगवलेले दृश्य तयार झाले की त्यातला संवाद बदलणे महाग पडते, म्हणून तो बदलला जात नाही. साध्या चित्रात मात्र शेवटच्या आठवड्यातही एक वाक्य काढून दुसरे घालता येते. विनोदाला नेमकी हीच सवलत लागते, कारण कोणते वाक्य हसवते हे ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

काटकसरीतून कल्पकता निघण्याचा हा पहिलाच प्रसंग होता असे नाही. हॅना आणि बार्बेरा या अमेरिकन कार्टूनकारांनी टीव्हीसाठी काम सुरू केले तेव्हा चित्रपटगृहांसाठीच्या लघुपटांना मिळणाऱ्या पैशांचा लहानसा अंशच त्यांच्या हाती होता. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यातली कॉलर आणि टाय आठवून पाहा. अस्वलाला कॉलर कशासाठी, तर मान आणि धड यांच्यामधली ती सीमारेषा असली की धड तसेच ठेवून फक्त डोके नव्याने काढता येते. त्याच निर्मितीसंस्थेच्या १९६६ मधल्या एका अंतराळवीराच्या मालिकेची जुनी चित्रे कापून, त्यांना नवे आवाज देऊन १९९४ मध्ये मुलाखतींचा एक विनोदी कार्यक्रम उभा राहिला. ‘साउथ पार्क’ या अमेरिकन विनोदी कार्टून मालिकेचा पहिला भाग कागदाची कात्रणे हाताने सरकवत तयार झाला होता.

या परंपरेवर सर्वांत वजनदार आक्षेप घेतला तो चक जोन्स यांनी. हालचालीच्या कलेत ज्यांचा शब्द शेवटचा मानावा अशा या दिग्दर्शकाने टीव्हीवरच्या कार्टूनना ‘सचित्र रेडिओ’ म्हटले. डोळे मिटूनही जी मालिका कळते तिला ॲनिमेशन का म्हणावे, हा त्यामागचा प्रश्न आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्यांनी हाताने घडवलेल्या लघुपटांत एका भुवईच्या हालचालीत जे व्यक्त होते, ते कमी खर्चाच्या मालिकेला कधीच साधणार नाही, हे मान्य केले पाहिजे.

तरीही ‘सचित्र रेडिओ’ हा शब्द मराठी माणसाच्या कानाला शिवीसारखा लागू नये. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत ज्या पिढ्या वाढल्या, त्यांनी एका आवाजावरून आख्खे घर, त्याचा ओटा आणि त्या ओट्यावर बसलेली म्हातारी उभी केलेली आहे. कानाने पाहण्याची ही सवय कमी दर्जाची नव्हे. शिवाय ‘होम मूव्हीज’मध्ये चित्र निकामी बसलेले नाही. कोणी मूर्खपणाचे काही बोलून गेले की समोरच्या पात्राचा चेहरा दोन-तीन सेकंद तसाच धरून ठेवला जातो. तो हलत नाही, उत्तर देत नाही, फक्त पाहत राहतो. हालचालीची रेलचेल असती तर ही शांतता मिळाली नसती. रंगमंचावर ज्याला आपण ‘पॉज’ म्हणतो आणि जो घ्यायला नटाची उमर जाते, तो येथे स्थिर चित्राने घेतला आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. कमी खर्चाचे गुणगान करताना आपण राबणाऱ्या चित्रकारांच्या तुटपुंज्या मोबदल्याचे समर्थन तर करत नाही ना? जपानचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. चित्रकथाकार ओसामु तेझुका यांनी १९६३ मध्ये ‘ॲस्ट्रो बॉय’ टीव्हीवर आणताना प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी किंमत स्वीकारली, आणि त्या पायंड्याचे ओझे तिथल्या चित्रकारांना पुढे दीर्घकाळ वाहावे लागले, असे त्या क्षेत्राचे अभ्यासक मांडत आले आहेत. म्हणून येथे नेमके बोलणे आवश्यक आहे. खर्च कमी करण्याचे दोन मार्ग असतात. एकात चित्रांची संख्या तेवढीच ठेवून चित्रकाराला कमी दिले जाते. दुसऱ्यात चित्रांची संख्याच कमी होईल अशी मालिका रचली जाते आणि जी थोडी चित्रे काढायची त्यांचा मोबदला पुरता दिला जातो. पहिला मार्ग शोषणाचा आहे आणि त्याचे समर्थन कोणत्याही कलेच्या नावाने करता येणार नाही. मी ज्याची बाजू घेतो आहे तो दुसरा मार्ग आहे, आणि सार्वजनिक मदतीच्या कोणत्याही योजनेत हा फरक करारातच लिहिलेला असायला हवा.

स्वस्तपणाने या मालिकेला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे दुसरी संधी. यूपीएन या वाहिनीने पहिले पर्व १३ भागांचे ठरलेले असताना पाच भाग दाखवून मालिका बंद केली. उरलेले आठ भाग पडून राहिले. पुढे कार्टून नेटवर्कने प्रौढ प्रेक्षकांसाठी ‘ॲडल्ट स्विम’ नावाचा रात्रीचा विभाग सुरू केला, तेव्हा २ सप्टेंबर २००१ रोजी त्या विभागाची सुरुवात याच मालिकेच्या एका न दाखवलेल्या भागाने झाली. काफ्काच्या रॉक ऑपेराचा तोच भाग. तिथे तिला आणखी तीन पर्वे मिळाली. मोठ्या खर्चाची मालिका पाच भागांत पडली तर तिला पुन्हा हात लावायला कोणी धजत नाही. लहान खर्चाच्या मालिकेला मूठभर प्रेक्षक असले तरी ती टिकवणे परवडते, आणि तेवढ्या अवधीत कलाकार एकमेकांचे बोलणे ओळखू लागतात, लेखकांना पात्रे सापडतात, प्रेक्षकाला त्यांची सवय होते. पुढे बुशार्डने २०११ मध्ये ‘बॉब्स बर्गर्स’ ही मालिका आणली, तिच्यातल्या बॉबला बेंजामिननेच आवाज दिला आणि ती जगभर पोहोचली. तिच्या यशाचा हिशोब मांडताना वॉटरटाउनमधली ती पाच वर्षे धरावी लागतात.

आता आपल्याकडे पाहू. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी कृती दलाची घोषणा झाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच क्षेत्रांसाठीचे राष्ट्रीय केंद्र मुंबईत उभारायला मंजुरी दिली. ही पावले स्वागतार्ह आहेत. या क्षेत्रात आपल्या स्टुडिओंनी अनेक वर्षे परदेशी निर्मात्यांची कामे हातावेगळी केली, त्यातून हजारो तरुणांचे हात तयार झाले. पण दुसऱ्याच्या संहितेवर काम करणाऱ्या हाताला स्वतःचा आवाज सापडतोच असे नाही, आणि या साऱ्या चर्चेत यंत्रे, सॉफ्टवेअर, कौशल्ये, रोजगार आणि निर्यात हे शब्द जितके येतात, तितका ‘लेखन’ हा शब्द येत नाही.

काही काळापूर्वी ॲनिमेशन शिकवणाऱ्या एका संस्थेच्या विद्यार्थ्यांचे काम मी पाहिले. पाण्याचे थेंब पानावरून ओघळत होते, एका योद्ध्याच्या चिलखतावर मावळतीचा प्रकाश पडला होता, ड्रॅगनच्या खवल्यांची संख्या मोजता आली असती. मेहनत डोळ्यांत भरत होती आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. मात्र जवळजवळ कोणत्याही कामात कोणी कोणाशी बोलत नव्हते. जेथे बोलत होते तेथे आवाज शेवटी, घाईघाईने, वर्गातल्याच कोणाकडून वाचून घेतलेला होता. बाहेर चहा पिताना मात्र हीच मुले एकमेकांच्या नकला करत होती. त्यातला एक जण आपल्या गावच्या एसटीच्या वाहकाचे आणि सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या आजीचे असे काही बोलणे करून दाखवत होता की भोवतालची माणसे हातातला कप विसरली. तो नकला करणारा मुलगा आणि आत चिलखतावर प्रकाश पाडणारा मुलगा एकच होता. आपल्या कामात हे बोलणे घालावे असे त्याला सुचले नव्हते, कारण त्याला गुण प्रकाशाचे मिळणार होते.

साधनांच्या टंचाईतून काम उभे करण्याची ओळख आपल्याला नवी नाही. महायुद्धाच्या काळात कच्ची फिल्म मिळणे दुरापास्त झाले असताना, १९१५ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा सचेतपट केला. त्यातले नट म्हणजे आगपेटीतल्या काड्या. त्या थोड्याथोड्या सरकवत एकेक चौकट टिपायची. विजया मुळे यांनी १९७४ मध्ये दिग्दर्शित केलेला आणि दूरदर्शनमुळे घराघरांत पोहोचलेला ‘एक अनेक और एकता’ हा सात मिनिटांचा पट आजही चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना तोंडपाठ आहे. त्यातली चित्रे अगदी साधी आहेत. लोकांच्या लक्षात राहिला आहे तो बहीण-भावांच्या बोलण्याचा सूर, ‘अनेक’ म्हणजे काय असे दीदीला विचारणाऱ्या मुलाच्या आवाजातली उत्सुकता.

आणि मराठीच्या दृष्टीने या साऱ्यात एक मोठी शक्यता आहे. परभाषेतल्या कार्टूनचे मराठी ऐकले की बहुधा एकच भाषा कानी पडते: व्याकरणशुद्ध, कोणत्याही गावाची नसलेली, ओठांच्या तयार हालचालीत कोंबून बसवलेली. हा डबिंगच्या लेखकाचा दोष नव्हे. चित्र आधी ठरलेले असल्यामुळे त्याला तेवढ्याच जागेत शब्द मावणे भाग असते. आवाज आधी आणि चित्र नंतर असा क्रम धरला, तर ही अट उरत नाही. मग वऱ्हाडी माणसाचे ‘काहून’ त्याच्या पुऱ्या लांबीने येऊ शकेल, मालवणी म्हातारीला ‘गे बाये’ म्हणून श्वास घेता येईल, खानदेशातल्या दोन भावांना अहिराणीत भांडता येईल, आणि पुण्यामुंबईच्या मुलांची अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी बोलीही तिच्या खऱ्या वेगाने उतरेल. आपल्या बोलींचा विनोद शब्दांइतकाच हेलात आहे, आणि हेल चित्रात काढता येत नाही. तो ध्वनिमुद्रणाच्या खोलीतच पकडावा लागतो.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. ॲनिमेशनसाठी जो सार्वजनिक निधी उभा राहील, त्याचा एक ठरावीक हिस्सा लेखन आणि ध्वनिमुद्रणासाठी वेगळा ठेवावा. तो मोठ्या स्टुडिओंना न देता तीन-चार जणांच्या लहान गटांना द्यावा. आणि देताना एका चमकदार नमुना-भागाऐवजी १३ भागांच्या पूर्ण पर्वाची हमी द्यावी, कारण पाचव्या भागावर कोणत्याही विनोदी मालिकेचा न्याय करता येत नाही. आकाशवाणीच्या केंद्रांकडे ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत, श्रुतिका करणारे कलाकार आहेत, आणि दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी प्रक्षेपणासाठी हाताशी आहे. नवे काही बांधायचे नाही, असलेल्या खोल्यांची दारे या कामासाठी उघडायची आहेत.

पहिल्या दिवशी लागेल ते एवढेच. एक टेबल, त्याभोवती चार माणसे, प्रत्येकासमोर एक मायक्रोफोन आणि मधोमध एक कागद, ज्यावर पाच-सहा ओळींत लिहिलेले असेल: वाहकाकडे सुट्टे पैसे नाहीत, आजीला उतरायचे आहे, मागच्या आसनावरचा मुलगा दोघांनाही ओळखतो. बोलून झाले की ते नीट ऐकायचे, जिवंत तेवढे ठेवायचे. चित्रकाराला त्यानंतर बोलवायचे, आणि त्याचे पैसे आधी द्यायचे.